एकतीस श्वास

ते गाणं जरा बंद कर पाहू. बंद म्हणजे अगदी बंद, हळू नव्हे. हं. आता बसा नीट. तू दाराकडे पाठ करून बसलास तरी चालेल रे, ही गोष्ट दारातून येणारी नाही.

भुतांवर माझा विश्वास आहे का, हे मला विचारायचं नाही. मी बत्तीस वर्षं जुनी ध्वनिमुद्रणं सांभाळायच्या खात्यात काढली, माझा विश्वास मशीनच्या काट्यावर. काटा हलला तर आवाज आहे, नाही हलला तर नाही. आता सांगतो ते माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं आहे. त्याला आम्ही चिमटा म्हणायचो. पायातला काटा काढावा तसा तो जुन्या गाण्यातली एकेक खरखर शोधून उपटून काढायचा. कामात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीच सगळी पंचाईत झाली.

काम साधं होतं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरून एक फीत आणायची, साफ करायची आणि त्यांना ऐकवायची. फीत म्हणजे तुम्हाला काय सांगणार, तुम्ही जन्माला आलात तोवर त्या मोडीत निघाल्या होत्या. करंगळीच्या नखाएवढी रुंद, तपकिरी पट्टी. तिच्यावर भुकटीचा थर चिकटवलेला. आवाज त्या भुकटीत असतो. भुकटी झडली की आवाज गेला, मग कुणाच्या बापाला तो परत आणता येत नाही.

या फितीवर चार गाणी होती. गाणारी त्या बाईंची थोरली बहीण. जॅझ गायची. एका हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, रात्री नऊ ते बारा, सलग चौदा वर्षं. लोक जेवत असायचे, काटेचमचे वाजत असायचे, वेटर मधूनच जात असायचे, आणि ही गात असायची. तिची रेकॉर्ड निघाली ती एकच. तिच्यावर फोटो ट्रम्पेटवाल्याचा, नाव ट्रम्पेटवाल्याचं, आणि खाली बारीक अक्षरात "गायिकेसह". गायिकेसह. जसं काही पिशवीसह. मला अजूनही त्या शब्दाचा राग येतो, आणि आता या वयात तो जायचा नाही.

ती रेकॉर्ड माझ्याकडे होती. मी पंधरा वर्षांचा असताना पहिल्यांदा ऐकली. आवाज काही मोठा नव्हता तिचा. वरच्या पट्टीत ती फारशी जायचीच नाही. पण ताल पुढं निघून जायचा, आणि ही मागून सावकाश, हात पुसत आल्यासारखी यायची, आणि तरी नेमकी वेळेवर पोचायची. दुःखाचं गाणं असलं तर ती रडायची नाही. शेजारणीला सांगावं तसं सांगायची. ऐकणाऱ्याचं मात्र काही खरं नसायचं. आणि असल्या बाईचं नाव कुणाला माहीत नाही, मग सांगा, माणसानं चिडू नये तर काय करावं?

तिची एक खोड होती, ती नीट ऐका. ओळ संपली की पियानो, ड्रम, सगळ्यांनी हात उचलायचे. एकदम गप्प. त्या शांततेत ती श्वास घ्यायची. दातांतून, ऐकू येईल असा. आणि त्या श्वासावर अख्खा बँड परत आत यायचा. कुणी मान हलवायचं नाही, कुणी आकडे मोजायचे नाहीत. तिचा श्वास हीच खूण. छाती अधू होती तिची. बेचाळिसाव्या वर्षी गेली. शेवटी शेवटी पलंगावर बसूनच रात्र काढायची, आडवं झालं की श्वास पुरत नसे. ही चार गाणी त्याच्या दोनच महिने आधीची.

धाकटी आता एकोणऐंशी वर्षांची. डावा कान लहानपणीच गेलेला. उजव्या कानाच्या आत गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही: गाठ काढली तर जीव वाचेल, कान वाचणार नाही. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी नऊला ठरलं. आणि त्याच आठवड्यात पियानोवाल्याच्या मुलानं वडिलांची खोली रिकामी केली, तेव्हा कपाटावरून ही फीत खाली आली. तिच्यावर ट्रम्पेट नव्हता. चारही गाण्यांत समोर तीच, मागे फक्त पियानो आणि ड्रम.

चिमटा सोमवारी फीत आणायला गेला, सोबत मीही गेलो. मी बाईंना म्हटलं, "मावशी, ती जुनी रेकॉर्ड आहे माझ्याकडे. हवी तर आत्ता आणून देतो."

"त्यात ताई ट्रम्पेटच्या मागे उभी आहे," त्या म्हणाल्या. "मला ती समोर हवी. एकदा. मग कान गेले तरी जाऊ देत."

फीत त्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून दिली. चिमट्याला म्हणाल्या, "जपून न्या हो. तिला धक्के सोसत नाहीत."

इतकी जुनी फीत दमट, चिकट झालेली असते. तिला गरम पेटीत मंद आचेवर आठ-दहा तास ठेवायचं आणि मग वाजवायचं. काही फिती दहा वेळा वाजतात. काही एकदाच. मशीनवरून सरकता सरकता भुकटी गळत जाते आणि दुसऱ्या बाजूला नुसती कोरी पट्टी गुंडाळली जाते. ही त्यातली निघाली.

आमच्या खोलीत एक डबा होता. त्याला आम्ही दरवान म्हणायचो. ठरावीक पातळीच्या वरचा आवाज आला की तो दार उघडायचा, खालचा आला की लावून घ्यायचा. भाषणं साफ करायला उत्तम. वक्ता बोलला तेवढं आत. खोकला, खुर्च्या, श्वास सगळं बाहेर. चिमट्याचा फार लाडका डबा तो. श्वास म्हणजे त्याच्या लेखी कचराच. पण आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की जुनी फीत पहिल्यांदा वाजवताना मध्ये काहीही ठेवायचं नाही. खरखर, घरघर, असेल ते सगळं आधी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. झाडलोट नंतर.

गुरुवार, एकोणीस जानेवारी. संध्याकाळी साडेचारला त्यानं फीत मशीनवर चढवली. मी डबा हातात घेऊन निघालो होतो. जेवणाचा डबा रे, हसू नका. दारातून विचारलं, "दरवान काढलायस ना मधून?"

तो म्हणाला, "आता तू मला शिकव."

मी घरी गेलो. परत फिरून बघितलं नाही, हे मला अजून बोचतं.

रात्री सव्वाअकरापर्यंत त्याचं काम झालं. चार गाणी, सोळा मिनिटं, काचेसारखी स्वच्छ. स्वारी खूश. अकरा चाळीसला फोन वाजला. मावशी. हॉस्पिटलातून. त्यांना झोप येत नव्हती.

"झालं का हो?"

"झालं मावशी. सकाळी साडेसातला घेऊन येतो. इतकं स्वच्छ झालंय की ताई आज गातायत असं वाटेल."

"आणि तिचा श्वास? येतो ना ऐकू?"

चिमट्यानं मान वळवून दरवानाकडे पाहिलं.

"गाणी तर मला पाठच आहेत," मावशी म्हणाल्या. "पण आम्ही दोघी लग्नापर्यंत एका पलंगावर झोपलो. रात्री जाग आली की मी तिचा श्वास ऐकायची. तो ऐकू आला की मला झोप लागायची. तेवढा उद्या ऐकला की झालं."

फोन ठेवून त्यानं गाणं पुन्हा लावलं. ओळ संपली, बँड थांबला... आणि पुढं काहीच नाही. फितीवरची शांतता कधी पुरती शांत नसते, तिच्यात खोलीची हवा असते. इथं हवासुद्धा नव्हती. दरवानानं चोख काम केलं होतं. त्यानं मोजलं. चार गाण्यांत मिळून एकतीस श्वास, एकतीस कोऱ्या जागा. फितीकडे बघितलं. दुसऱ्या चाकावर आरपार दिसणारी पट्टी, आणि मशीनखाली तपकिरी भुकटी.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्यानं मला फोन केला. म्हणाला, "तिचे श्वास गेले." मी म्हटलं, सकाळी जाऊन खरं सांग, पाय धर त्यांचे. तो म्हणाला, "नऊला मावशींचे कान जाणार. त्याच्या आधी मी हे सांगू त्यांना? मी घालतो."

"काय घालतोस?"

"श्वास. माझे. दातांतून घेतले की झालं, कुणाला कळतंय."

"अरे, कुणाच्या तोंडात कुणाचा श्वास घालतोस? काही तरी लाज धर."

त्यानं फोन ठेवला. यापुढचं त्यानं मला सकाळी सांगितलं, तेच आता सांगतो.

ध्वनिमुद्रणाची आमची खोली तुम्ही पाहिलेली नाही. भिंतींना जाड गाद्या, दाराला दोन पदर. आत बसलं की बाहेर जग आहे की बुडालं, कळत नाही. एक खुर्ची, एक टेबल, मायक, आणि मायकसमोर ताणलेलं पातळ काळं कापड. चिमट्यानं कानाला हेडफोन लावले आणि एक वाजता गाणं सुरू केलं. जागा आली की गाणं ऐकत ऐकत मायकसमोर श्वास घ्यायचा, तो त्या जागेत बसत जायचा. दिवसाला वीस सिगरेटी ओढणारा माणूस तो, पण कसबी. पहिला जमला. दुसरा जमला. चौथ्याला तर तो स्वतःवरच खूश झाला.

पाचवी जागा आली. पियानो थांबला. ड्रम थांबला. त्यानं तोंड उघडलं.

श्वास आला.

त्याचा नव्हता. त्यानं अजून घेतलाच नव्हता.

त्यानं गाणं थांबवलं. पहिला विचार आला तो कामाचाच. कुठं तरी तार ढिली असेल. दोन्ही तारा काढून पुन्हा बसवल्या. दारावरचा लाल दिवा पाहिला. मग गाणं थोडं मागं नेलं आणि पाचव्या जागेच्या आधी स्वतःचं तोंड तळहातानं घट्ट दाबून धरलं.

बँड थांबला. काटा शून्यावर.

काटा हलला.

दातांतून घेतलेला श्वास. हळू. लांब.

आणि त्याच्या तळहाताला हवा लागली. आतून. त्याच्या तोंडातून बोटांच्या फटीतून कुणी तरी ती बाहेर ओढून घेत होतं.

बँड परत सुरू झाला. तिच्या श्वासावर, बरोब्बर.

तो खुर्चीत तसाच बसला. गाणं चालूच होतं. पुढची ओळ. मग सहावी जागा. छाती आपोआप रिकामी झाली. त्यानं काही केलं नव्हतं. फासळ्या आत गेल्या, पोट पाठीला लागलं... आणि कानात तो आवाज. तेवढा वेळ त्याला स्वतःला श्वास घेता येईना. बँड सुरू झाल्यावर घेता आला. पुरता नाही. अर्धा.

सातवा.

आठवा.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ती श्वास नुसता घेत होती. सोडत नव्हती. एकदाही नाही.

नवव्याला तो उठला. हेडफोन टेबलावर टाकले आणि दाराकडे गेला. आतल्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. दार उघडलं असतं तर सुटला असता. मी असतो तर सुटलोच असतो, तुमच्यापुढं फुशारकी कशाला मारू? तोही उघडणार होता. पण घड्याळात बघितलं आणि त्याला नऊचा आकडा दिसला. साडेसातला मावशी वाट बघत बसणार. आणि त्यांच्या कानात आपण काय घालणार... कोऱ्या जागा?

मागं टेबलावर हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. ती गात होती. ओळ संपली.

थांबली.

ती थांबली होती, बँड थांबला होता... आणि यावेळी काहीच झालं नाही. शांतता लांबत गेली. दोन सेकंद. पाच. गाणं पुढं सरकेना. काटा शून्यावर. यंत्र चालू, आकडे पळतायत, आणि गाणं मात्र जागच्या जागी.

ती वाट बघत होती.

चिमटा परत आला. खुर्चीत बसला. हेडफोन कानाला लावले. तोंड मायकजवळ नेलं.

"घ्या," म्हणाला. एवढंच.

घेतला.

मग तो मोजत राहिला. अकरा. बारा. दुसरं गाणं संपलं. तिसरं. ओळी चालू असताना मिळेल तेवढी हवा ओढायची, जागा आली की ती द्यायची. वीस. हातांना मुंग्या आल्या. एकवीस. बोटं निळी दिसायला लागली. बावीस. डोळ्यांपुढं काळी वर्तुळं. हात लांब करून बटण दाबलं की थांबलं असतं सगळं. बटण वीतभर अंतरावर होतं. त्यानं दाबलं नाही. मी त्याला विचारलं, का नाही दाबलंस? तो म्हणाला, इतकी सुंदर ती आजवर कधी गायलीच नव्हती.

चौथं गाणं. अठ्ठावीस.

एकोणतीस.

शेवटच्या ओळीच्या आधीची जागा सगळ्यात मोठी होती. आजारी बाई, लांब ओळ, तिला मोठा श्वास लागायचा. पूर्ण चार सेकंद. हे त्याला माहीत होतं. त्यानंच तर मोजलं होतं.

तीस.

पियानो थांबला.

ड्रम...

मायकसमोरचं काळं कापड हललं. त्याच्याकडे नाही. पलीकडे. मधोमध खोलगट झालं, पलीकडून कुणी तोंड लावून ओढावं तसं. पलीकडे टेबल होतं. टेबलामागे गादी लावलेली भिंत.

एक.

दोन.

...

कापड तसंच आत ओढलेलं होतं, एवढं त्यानं पाहिलं.

पहाटे पाच पन्नासला तो जमिनीवर जागा झाला. गाल गालिच्यावर. छाती ठणकत होती. गाणी संपून यंत्र आपलं आपण थांबलं होतं. त्यानं काटा तपासला, आकडे तपासले. एकतीस जागा. एकतीस श्वास. एकही कोरी नव्हती.

सहाला त्यानं मला बोलावून घेतलं. साडेसातला आम्ही दोघं हॉस्पिटलात. मावशी तयार होऊन बसल्या होत्या. उजव्या बाजूचे केस काढलेले, अंगात हिरवा झगा. चिमट्यानं हेडफोन नर्सकडे दिले, तिनं ते लावले. मावशींनी डोळे मिटले. सोळा मिनिटं आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पहिल्या गाण्यात एकदा त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ती गेली. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि चेहरा एखाद्या झोपी जाणाऱ्या पोरीसारखा सैल होत गेला. मी काही सहज रडणारा माणूस नाही. पण खिडकीकडे जाऊन उभा राहिलो.

गाणी संपल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं हेडफोन काढले.

"पहिले चार कुणाचे?" त्यांनी विचारलं.

चिमटा खाली बघत म्हणाला, "माझे, मावशी. माझी चूक झाली."

"वाटलंच मला. बिडीकाडीवाल्याचा श्वास आहे तो." त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "पाचव्यापासून ताई आहे. पुढं सगळी ताईच आहे. शेवटचा तर किती मोठा घेतलान हो तिनं. तेवढा तिला शेवटी कधी मिळालाच नाही."

चिमट्यानं हेडफोन उचलून घेतले.

"आता त्यातलं काही काढू नका," त्या म्हणाल्या. "तुमचे चारही राहू देत. आणि वर तिचं नाव घाला. मोठं."

पावणेनऊला त्यांना आत नेलं. मावशी वाचल्या. कान गेले. त्यानंतर तीन वर्षं जगल्या आणि चांगल्या झोपायच्या, असं त्यांची सून सांगायची. रेकॉर्डही निघाली, तीनशे प्रती, वर मोठ्या अक्षरात तिचं नाव. कुठं फारशी गाजली नाही. ते सोडा. चिमट्यानं त्याच वर्षी नोकरी सोडली. अजून आहे, दुसऱ्या गावी लेकीकडे असतो.

मी सांगतोय ते त्या सकाळचं. मावशींना आत नेल्यावर आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो आणि त्यानं मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, तू रात्रभर जागा, त्यात सिगरेटी, बंद खोली. दमलास, चक्कर आली, झोपेत काहीबाही दिसलं. श्वास तूच घेतलेस सगळे. त्यानं वाद घातला नाही. रडल्यामुळं त्याच्या चष्म्यावर डाग पडले होते, तो पुसावा म्हणून त्यानं काढला. काच तोंडाजवळ नेली आणि आपण सगळे करतो तसं तिच्यावर हाऽऽ केलं.

काच कोरडीच.

त्यानं पुन्हा केलं. जोरात. मी शेजारीच होतो, त्याची छाती हललेली मला दिसली.

काच कोरडी.

तिसऱ्यांदा त्यानं काच ओठांना टेकवली. बराच वेळ. मग खाली घेऊन बघितली. माझ्याकडे बघितलं.

चष्मा माझ्यापुढं धरला.

मी हाऽऽ केलं. काच लगेच धुरकट झाली. त्यानं शर्टाच्या टोकानं ती पुसली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पायऱ्या उतरून गेला.